नंदूचा गणपती

माझ्याकडून गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या नात्यात सापडणार नाही. बारसं असो, लग्न असो, जेवणाला उशीर होतोय म्हटलं की मला पुढं करतात — प्रकाशला बोलवा, वेळ जाईल. मावशीच्या मांजरीनं नवरदेवाचा फेटा कसा पळवला हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता त्या मांजरीलाही ते खरं वाटत असेल. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. मनीषाजवळ — म्हणजे बायकोजवळही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं अजून शोधतोय.

लिहायला बसलो आणि दोनदा उठून पाणी पिऊन आलो, तहान नसताना. गॅलरीतले कपडेही काढून आणले. ते अजून ओले होते.

नंदूपासून सुरुवात करायला हवी. नंदू माझा धाकटा भाऊ. सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. गाडी लावण्यावरून कुणाशी तरी भांडण झालं आणि यानं त्याच्या डोक्यात रॉड घातला. माणूस वाचला, पण एका कानानं त्याला ऐकू येईनासं झालं. नंदूला शिक्षा झाली. ती चुकीची होती असं आमच्या घरात कुणी म्हटलं नाही, नंदूनंही नाही. नामपूरच्या एका मुलीशी त्याचं ठरलं होतं, ते मोडलं. 

एकच गोष्ट त्यानं बजावून सांगितली होती — आईला इथं आणायचं नाही. म्हणून नाशिकरोडच्या जेलमध्ये मुलाखतीला मी एकटा जायचो. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे मी, दोघांच्या कानाला फोन. तो चार वाक्यं बोलायचा. पंचवटीतल्या आमच्या घरी पोचेपर्यंत मी त्यांची चाळीस केलेली असायची. आई हातातलं काम बाजूला ठेवून म्हणायची, "हं, सांग." मग नंदूचं वजन वाढलेलं असायचं, त्याला एक चांगला मित्र मिळालेला असायचा, आमटीला चव असायची. तो बिचारा म्हणालेला असायचा फक्त, "बरा आहे."

हे खोटं होतं का? होतं थोडं. पण ते कबूल करायला मी बसलेलो नाही. ते असतं तर कपडे काढायला कशाला उठलो असतो?

सोसायटीत मी सांगून ठेवलं होतं की नंदू सुरतला कंपनीत लागलाय. मनीषाला हे पटत नव्हतं. "विचारलं तर सांगून टाकायचं," म्हणायची. "सुरतचं नाव घेतलं की मला तुमच्यापायी साड्यांची ऑर्डर घ्यावी लागते." आणि खरंच, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दोन साड्या सांगितल्या होत्या. त्या मी मेन रोडवरून आणून दिल्या. तर असा मी.

आता गणपतीकडे येतो.

आतले लोक शाडूच्या मूर्ती करतात. चतुर्थीच्या आधी त्या बाहेरच्या काउंटरवर विकायला ठेवतात आणि माणसं हौसेनं घ्यायला येतात. त्या वर्षी नंदूला त्या कामावर घेतलं होतं. चतुर्थीआधीच्या मुलाखतीत तो पहिल्यांदा माझ्याआधी बोलायला लागला. म्हणाला, "दादा, घरासाठी एक केलाय. मागं आपल्या नावाची चिठ्ठी लावलीय. काउंटरवर सांगून ठेवलंय, तू नाव सांग, देतील." मग म्हणाला, "मोदक जरा मोठा झालाय. आईला सांग, मुद्दाम केलाय."

हे तुम्हाला कळायला हवं. आई दरवर्षी मूर्तीवाल्याशी भांडते — देवाच्या हातात एवढासा मोदक देता, उपाशी ठेवता का त्याला? नंदूला आत बसून ते आठवलं होतं.

हा निरोप मी घरी जसाच्या तसा सांगितला. काही घालायची गरजच नव्हती. आईनं ऐकलं, उठली आणि दुपारभर चौरंग घासत बसली.

मी मूर्ती आणायला गेलो. बरोबर पाट नेला होता, रुमाल नेला होता, टोपी घातली होती — सगळं रीतसर. काउंटरसमोर रांग होती. आणि रांगेत पुढं आमच्या सोसायटीचे चेअरमन, कुलथेकाका. "अरे प्रकाशराव, तुम्हीसुद्धा? फार सुबक काम करतात हो ही माणसं. मी तर दरवर्षी इथूनच नेतो."

काउंटरवरचा माणूस चिठ्ठ्या बघून मोठ्यानं नावं पुकारत होता. आता आमचं आडनाव पुकारणार. मग विचारणार, नंदकिशोर तुमचे कोण? मग कुलथेकाका मान वळवणार — आणि सुरत बुडणार.

मी म्हणालो, "छे, मी सहज बघायला आलो होतो." डोक्यावर टोपी, हातात पाट — आणि सहज बघायला! निघून आलो.

तुम्ही म्हणाल, कुलथेकाका काय रात्रभर तिथं उभे राहणार होते? तासाभरानं परत जायचं. दुसऱ्या दिवशी जायचं. तेच तर. कुलथेकाकांवर ढकलून मी बरीच वर्षं काढली. खरं असं आहे, की रांगेतून बाहेर पडलो तेव्हा मला बरं वाटलं. जेलमधला गणपती माझ्या घरात बसवायचा, लोक दर्शनाला येणार, कुठून आणला विचारणार... मला तो नकोच होता. भावानं केलेला देव मला घरात नको होता. हे वाक्य पहिल्यांदाच लिहितोय. कसं दिसतं बघा.

पण रिकामा पाट घेऊन घरी कसा जाणार? मग मी गणपतीचे स्टॉल पालथे घातले. "मोठा मोदक असलेला आहे का?" स्टॉलवाला माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, लोक उंची विचारतात, फेटा विचारतात. मोदक विचारणारे तुम्हीच." बारा स्टॉल हिंडलो असेन, का पंधरा. जेवढा फिरलो तेवढ्यात नाशिकरोडला दोनदा जाऊन आलो असतो. शेवटी मिळाला एक. पिवळा पितांबर, हातात चांगला लिंबाएवढा मोदक. प्लास्टरचा होता. घेतला.

दारात आई ताट घेऊन उभी होती. पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "हाच का रे?"

मी म्हणालो, "हा. नंदूचा."

बस. एवढंच. मी आयुष्यात सांगितलेली सगळ्यांत लहान गोष्ट.

पुढं जे झालं ते मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असतो तर तुम्ही हसला असता. आईनं मूर्तीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कान बघ. पोळ्याला मातीचे बैल करायचा, त्यांचे कान असेच काढायचा." मग मनीषालाही नाक ओळखीचं वाटायला लागलं. बघता बघता कुठल्या तरी कारखान्यात साच्यातून निघालेल्या त्या गणपतीवर आमच्या सगळ्या घराला नंदूचा हात दिसायला लागला. मलाही — तुम्हाला खोटं वाटेल — संध्याकाळच्या आरतीपर्यंत मलाही दिसायला लागला.

आणि मनीषानं मला न विचारता सुरत बंद करून टाकली. येईल त्याला सांगायला लागली, "मूर्ती माझ्या दिरांनी केलीय. ते जेलमध्ये आहेत." मी आत जाऊन प्रसादाच्या वाट्या मोजत बसलो. आता लोक उठून जातील. कुणी उठलं नाही. खालच्या वहिनी म्हणाल्या, "हात चांगला आहे हो त्यांचा." आणि साड्यांचा विषयसुद्धा काढला नाही. ज्याला भिऊन मी पळालो होतो ते सगळं माझ्याच हॉलमध्ये होऊन गेलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग कुलथेकाका आले. त्यांनी मूर्ती पाहिली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली. "पण प्रकाशराव, तुम्ही त्या दिवशी रिकामेच गेलात ना?"

"दुसऱ्या दिवशी आणला," मी म्हणालो. आई कौतुकानं माझ्याकडे बघत होती. भावासाठी दोनदा खेपा घातल्या पोरानं!

विसर्जन आईला घरीच हवं होतं, बादलीत. माती कुंडीत घालायची — नंदूच्या हातची माती घरात राहील. प्लास्टर कसलं विरघळतंय? आई सकाळ-संध्याकाळ बादलीत डोकावायची. गणपती आपला मोदक धरून शांत बसलेला. शेवटी प्लास्टर विरघळवायला महापालिका फुकट वाटते ती पावडर मी आणून टाकली, तर सगळ्या घराला बसस्टँडच्या मुतारीचा वास सुटला. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "असला कसला रे वास देवाच्या पाण्याला?"

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "तिथली मातीच तशी असेल."

आई स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येईना म्हणून मी डोकावलो. ओट्याला टेकून रडत होती. असल्या वासात राहतो का रे माझा नंदू, म्हणाली. मी म्हणालो नाही, नाही, तसं काही नाही — आणि पुन्हा एक गोष्ट रचली, मोठी, हवेशीर, झाडांची.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली तेव्हा मूर्ती बादलीतून काढली, गोणपाटात गुंडाळली आणि नदीकाठच्या एका पिंपळाखाली, जिथं लोक जुन्या तसबिरी ठेवतात, तिथं ठेवून आलो. दुकानातून शाडू आणला आणि बादलीत कालवला. आईनं तो कुंडीत घातला. त्यात सदाफुली लावली.

हे सगळं झाल्यावर मुलाखत आली. नंदू काचेपलीकडे बसला, फोन उचलला आणि विचारलं, "आणलास का गणपती?"

"आणला म्हणजे काय!" आणि मी सुटलो. पायावर पाणी, तुकडा, कान, बैल, वहिनी, आरती. मी इतकं चांगलं कधी सांगितलं नव्हतं. एक शब्द खोटा नव्हता त्यात, फक्त गणपती दुसरा होता. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आणि मोदक बघून आई काय म्हणाली?"

"म्हणाली, देव पहिल्यांदा पोटभर जेवला आपल्याकडे."

नंदू हसला. मान खाली घालून, खांदे हलवत, लहानपणी हसायचा तसा. मग म्हणाला, "बरं झालं." आणि वेळ संपायच्या आधीच त्यानं फोन खाली ठेवला. मी घरी येऊन आईला सांगितलं — काय हसला माहितीये नंदू!

दिवाळीनंतर तो सुटला. आणायला मी गेलो. रिक्षात तो मांडीवर एक पिशवी घेऊन बसला होता, दोन्ही हातांनी धरून. मी बोलत होतो, शहरात काय काय बदललं ते दाखवत होतो. गोदावरी आली तशी तो रिक्षावाल्याला म्हणाला, "भाऊ, इथं जरा घ्या."

घाटाच्या पायऱ्या उतरून तो खाली गेला. मी मागं मागं. पायरीवर बसून त्यानं पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली, टॉवेल सोडला. शाडूचा, रंग न दिलेला, वीतभर उंच गणपती. हातात मोदक होता. मागं चिठ्ठी होती, तिच्यावर आमचं आडनाव.

"उरलेल्या मूर्ती अनंत चतुर्दशीनंतर आत आणल्या," तो म्हणाला. "निघताना साहेबांना मागितला. नेऊ दिला."

अनंत चतुर्दशीनंतर. आणि मुलाखत त्याच्याही नंतर झाली होती. म्हणजे त्यानं मोदकाचं विचारलं तेव्हा — तेव्हा हा त्याच्याजवळ होता.

तो पाण्यात उतरला. मूर्ती तीनदा बुडवली आणि सोडली. हात धुतले, टॉवेलला पुसले. मी काहीतरी बोलायला हवं होतं ना? आयुष्यभर बोलत आलेला माणूस मी. वर येऊन तोच म्हणाला, "चल. आई वाट बघत असेल. तिला यातलं काही सांगायचं नाही."

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळला, त्याला जवळ घेतलं, आणि पाणीही पिऊ न देता गॅलरीत नेऊन कुंडी दाखवली. "तुझाच गणपती. पिवळा पितांबर किती शोभत होता रे!" नंदूनं वाकून सदाफुलीचं एक पान चाचपलं. "हो ना," म्हणाला. "रंग करायला दोन दिवस लागले आई." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

आता तो आमच्यातच राहतो, कामाला जातो. आईला बसवून आतल्या गमती सांगतो — माझ्यापेक्षा कमी शब्दांत, आणि ती जास्त हसते. माझ्याशी नीट वागतो. जेवायला वाढतो, दादा म्हणतो. घाटावरच्या त्या दिवसाबद्दल त्यानं कधी काही काढलं नाही. मीही नाही.

एवढंच, की मला तो कुठलीच वस्तू आणायला सांगत नाही. साधं ब्लेड नाही, रिचार्ज नाही. मागच्या आठवड्यात त्याला ताप होता. मी चप्पल घालून बाहेर निघालो होतो, विचारलं, "गोळ्या आणू का?" म्हणाला, "नको दादा." भिंतीला धरून उठला, शर्ट चढवला आणि माझ्या मागून जिना उतरून स्वतः मेडिकलमध्ये गेला.