हबीब मास्तरांची बिदाईची धून

आरमोरीत कोणाच्याही मांडवात नवरी निघाली की नूरुद्दीनचा ट्रम्पेट सुरू व्हायचा आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी इंग्रजीचा मास्तर. तीस वर्षं ती धून ऐकली, माझ्या पोरीच्या बिदाईला ती ऐकून ढसाढसा रडलो, आणि ही इकडचीच कुठली तरी जुनी चाल असणार असं धरून चाललो. माझ्या इंग्रजीची पोच एवढीच.

धून आणली नूरुद्दीनच्या वडिलांनी, बँडवाल्या हबीब मास्तरांनी. बल्लारपूरच्या कुठल्याशा साहेबाकडचं लग्न त्यांनी वाजवलं, तेव्हा साहेब खूश झाला आणि बदलीवर जाताना रेकॉर्ड प्लेयर अन् चार-पाच तबकड्या देऊन गेला. त्यातली एक छोटी तबकडी अमेरिकेची होती; तिकडच्या कृष्णवर्णीय लोकांचं रिदम अँड ब्लूज म्हणतात, तसलं गाणं. मास्तरांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण त्यांनी ऐकलं आणि ठरवून टाकलं, की कोणी तरी बाप गातोय आणि त्याची पोरगी सासरी चालली आहे. एवढा जड, दाटलेला आवाज दुसऱ्या कोणाचा असणार? महिनाभर बसून त्यांनी ती चाल ट्रम्पेटवर उतरवली. तेव्हापासून आरमोरी ते कुरखेडा पट्ट्यातल्या पोरी तिच्यावरच सासरी गेल्या.

डीजे आल्यावर नूरुद्दीनच्या बँडमधली बारा माणसं चारावर आली. वरातीला त्याला कोणी विचारेना, पण बिदाईला हमखास बोलावणं यायचं. "वरात डीजेची, बिदाई माह्या अब्बाची," असं तो ऐटीत सांगायचा. तेवढ्या एका ऐटीवर माणूस उभा होता.

त्याची मुलगी अंजुम नागपूरला नर्सिंग शिकते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली आणि तिनं फोनवर एक गाणं लावलं. टाळ्या, ठेका, आणि एक तरणीताठी पोरगी खिदळत गातेय. नूरुद्दीन म्हणाला, "चांगलं हाय, डीजेवाल्यायले दे." मग अंजुमनं फोनवर त्याची गती कमी केली, आणि नूरुद्दीन खाटेवरून उठून उभाच राहिला. हुबेहूब अब्बाची धून!

माळ्यावरून जुना प्लेयर काढला तेव्हा उलगडा झाला. मोठ्या तबकड्या हळू फिरवायच्या असतात आणि छोटी जोरात. गतीचा खटका हळूवरच अडकून बसलेला होता. मास्तरांनी छोटी तबकडीही तशीच फिरवली, आणि त्या खिदळणाऱ्या पोरीचा रडवेला बाप झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नूरुद्दीन फोन घेऊन माझ्याकडे आला. अर्थ सांगा म्हणाला. मी मेला खरं बोलून बसलो. यात बाप नाही, सासर नाही. एक पोरगी म्हणते आज मी फार खुशीत आहे, सगळ्यांनी नाचा.

"म्हंजे पन्नास साल आमी लोकायच्या पोरीयले गलत वाजवून धाडलं," तो खाली बघत म्हणाला. "अब्बाले लोक हसतीन ना सर."

वैशाखात लटारूभाऊंच्या दिव्यानीचं लग्न होतं. दिव्यानी माझी विद्यार्थिनी, म्हणून मीही गेलो होतो. बिदाईची वेळ झाली आणि नूरुद्दीननं खरी धून वाजवली, जोरात, ठेक्यात. नवरदेवाकडची पोरं तिथंच नाचायला लागली. रडायच्या तयारीत आलेली दिव्यानी गोंधळून आईकडे बघत राहिली. आई, म्हणजे वच्छलाबाई, तडक नूरुद्दीनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन जी भाऊ, पोरीची बिदाई होय का वरात?"

"बाई, खरी धून हेच हाय. अब्बानं मशीन हळू लावली होती. आमचंच चुकलं."

"चुकलं असन. माह्या बिदाईले तुमच्या अब्बानंच वाजवली होती. माहा बाप कधी रडला नाई, त्या दिवशी रडला. तवा मले समजलं, का ह्या माणसाचा माह्यात जीव होता. तुमी ते चुकीचीच वाजवा."

नूरुद्दीननं बाहीनं ट्रम्पेटचं तोंड पुसलं आणि हळू धून लावली. लटारूभाऊ पोरीच्या डोक्यावर हात ठेवून लहान लेकरासारखे रडले. मीही रडलो, लपवायचं काय त्यात! नूरुद्दीन मात्र डोळे मिटून वाजवत होता. मला नंतर म्हणाला, "सर, अब्बाले त्या तबकडीत जे ऐकू आलं, ते खोटं नव्हतं."

गाडीत बसल्यावर दिव्यानीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, आता मंघाची लावा न. माहं रडनं झालं." नूरुद्दीननं वच्छलाबाईंकडे बघितलं. त्या नाक पुसत म्हणाल्या, "लावा." गाडी सुटली ती त्या ठेक्यावर, आणि पोरगी आत टाळ्या वाजवत हसत होती.

आता सगळे दोन्ही मागतात. मांडवाच्या दारापर्यंत अब्बावाली, गाडी सुटली की अंजुमवाली, अशी नावंही पडली आहेत. परवा नूरुद्दीनच्या अंगणात बघतो तर चक्क प्रवीण डीजेवाला गाल फुगवून ट्रम्पेट फुंकत बसलेला. मी विचारलं, हे काय नवीन?

"अंजुमचंही लग्न होईनच ना सर कधी तरी," नूरुद्दीन म्हणाला. "अंजुमवाली मी वाजवीन. पन तिच्या आधीची, अब्बावाली, दुसऱ्या कोनाले आली पाह्यजे. तवा मले रडाचं राहीन."