रामभाऊंनी बांधलेल्या वायरी

रामभाऊ लासुर्ण्याचे, कारखान्यात वायरमन. माणूस अबोल, पण हात असा की त्यांनी बांधलेल्या वायरी वेणी घातल्यासारख्या दिसत. त्याचा त्यांना गर्व होता, आणि मला विचाराल तर असायलाच हवा होता. त्यांची मुलगी दिशा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली. शहाण्णव साली आमच्या बारामतीच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढतात तिथं, तिनं स्वतः बनवलेली मायक्रोकंट्रोलर चिपची पेटी बसवली. अंड्यांची ऊब पेटीनं राखायची आणि अंड्यांचे ट्रे पलटणारी मोटारही रिले नावाच्या स्विचमार्फत पेटीनंच चालू-बंद करायची. वायरिंग अर्थात बापानं केलं.

दुसऱ्याच दिवशी ट्रे पलटून मोटार थांबली आणि पेटीवरचे तापमानाचे आकडे गोठले. हीटर मात्र चालूच. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. आतल्या अंड्यांत जीव धरलेला, जरा उष्णता वाढली की संपलं.

मालक चिंतामणराव तापले. "पोरी, पुढच्या पलटीला पुन्हा अडकली तर पेटी काढून टाकीन. माझी अंडी उकडायला न्हाय ठेवली."

दिशाचा चेहरा उतरला. मोटार बंद होताना रिलेत ठिणगी पडते, तिचा झटका चिपला बसतो, असं तिनं सांगितलं. ठिणगी दाबायला रिलेच्या टोकांवर तिनं कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडला. हीटर बंद ठेवून मोटार फिरवली, थांबवली. आकडे परत गोठले. पलटीची वेळ जवळ येत होती.

मग ती वायरींच्या त्या देखण्या जुडग्याकडे बघतच राहिली. मोटारीची वायर आणि तापमान मोजणारी नाजूक वायर एकमेकींना चिकटवून बांधलेल्या. एकीतला झटका दुसरीत उतरत होता. तिला कळलं होतं, पण गाठी रामभाऊंच्या हातच्या. बाप शेजारीच उभा होता.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "ह्या दोन लांब करायला लागतील. सगळं सोडायला लागंल."

मला वाटलं, रामभाऊ आता भडकणार. पण त्यांनी कटर घेतला आणि एकेक गाठ स्वतः कापली. तापमानाची वायर मोटारीच्या वायरीपासून लांब धरून ते बाजूला उभे राहिले.

पलटीची वेळ झाली. मोटार फिरली. थांबली. आकडे चालूच राहिले. दिशानं ओढणीनं डोळे पुसले.

चिंतामणराव आत डोकावले. "चालतंय म्हणा. पण रामभाऊ, हे असं लोंबतं तुमच्या हाताला शोभत न्हाय. बांधून टाका की."

"न्हाय," रामभाऊ म्हणाले. "पोरीनं सांगितलंय तसंच ऱ्हाईल. हितं कुणी हात लावायचा न्हाय. मी बी न्हाय."