गोठलेलं खोबरेल

बाळांनो, त्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. साठच्या दशकात थंड हवेची मोटार डहाणूकडे क्वचितच दिसे. मे महिन्यात तशी एक आमच्या आशागडच्या चिकूवाडीत थांबली. आतली थंड हवा बंद पडून त्याच्या वृद्ध मालकीणबाईंना घेरी आली होती.

त्याने घामाघूम होऊन यंत्र दुरुस्त केलं, पण बाई ओटीवरून हलेनात.

"बा, आता गार हवा येते," तो म्हणाला. गुजराती रिवाजाने तो मालकीणबाईंना 'बा' म्हणे.

"सकाळी पण तू हेच बोललेला!"

त्याने माझ्याकडे थर्मामीटर मागितला. घरात तापाचाच होता. तो गाडीतल्या गार हवेच्या झरोक्याशी धरून म्हणाला, "पारा चढतच नाही."

"म्हणजे गाडीला ताप नाही," बा म्हणाल्या. "मला येईल!"

शेवटी मी बशीत चार थेंब खोबरेल दिलं. थंडीत ते गोठतं, एवढं बांनाही ठाऊक होतं. दोन्ही हातांनी बशी झरोक्यासमोर धरून तो श्वास रोखून बघत राहिला. तेल हळूहळू पांढरं झालं, तसा तो ओटीकडे धावला.

बांनी ते बोटाने खरवडून त्याच्या टाळूवर चोळलं. "आधी तुझं डोकं थंड कर," म्हणाल्या, आणि त्याचा खांदा धरून गाडीत जाऊन बसल्या.