शांत रस्त्यावरचा आरडाओरडा

आमच्या गावाहून पलीकडच्या मोठ्या गावाला जाणारा रस्ता फार शांत आहे, असं जो तो म्हणतो. म्हणणारे बहुतेक हौशी. शहरातून गाडीने येतात, गाडी आमच्या चौकात लावतात, पांढरे बूट चढवतात आणि दुतर्फा झाडं बघत, फोटो काढत पलीकडच्या गावापर्यंत चालत जातात. तिथे त्यांना न्यायला दुसरी गाडी उभी असते. मग रस्ता शांत वाटणारच. मला या मंडळींचा मनस्वी राग येतो, आणि तो का येतो ते सांगायचं तर वन्संबद्दल सांगावं लागेल.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. पलीकडच्या गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात त्यांना काम लागलं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात काढायचे, मग कपडे उकळत्या हौदात टाकायचे, ढवळायचे, पिळायचे. भिजलेली चादर पिळायची तर समोरासमोर दोन बायका लागतात. वन्संच्या समोरची बाई सारखी बदलायची, कुणाला ते काम सोसायचं नाही. वन्सं तिथेच. सोड्याने त्यांच्या बोटांची सालं निघायची आणि घरी आल्यावर त्या भाकरीचा तुकडासुद्धा दोन बोटांच्या टोकांत धरायच्या.

आधी सकाळची एक बस होती. प्रवासी मिळत नाहीत म्हणून ती बंद केली. सात वाजता कामावर हजर व्हायचं तर अंधारातच घर सोडायला हवं, आणि संध्याकाळी परतेपर्यंत पुन्हा अंधार. वन्सं चालत जायला लागल्या. वीसेक वर्षं चालल्या. शेवटी गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा थांबल्या.

आमचे हे गावातच नळाच्या सामानाचं दुकान चालवतात. दुकान दहाला उघडतं, त्यामुळे यांना सकाळ कधी होते ते मी सांगायला नको. मी या घरात नवीन असताना एकदा म्हणाले होते, "अहो, वन्संना निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी सोडून येत जा." हे कूस बदलून म्हणाले, "ताईला सवय आहे." सवय! या शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तेव्हा मी गप्प बसायची. आता बसत नाही.

रस्त्याकडेच्या शेतातली माणसं कधीकधी हसत सांगायची, तुमच्या वन्सं एकट्याच कुणाला तरी मोठमोठ्याने झापत जातात. गावात त्यांचं नावच ‘बडबडी’ पडलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही गं, वाट सरते." मी पण फार खनपटीला बसले नाही.

आता माझ्या मुलीला त्याच दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. मुलगी हुशार आहे, मी आई म्हणून सांगत नाही. सोमवारी हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. राहायची सोय तिथे नाही. आणि यांनी सरळ सांगितलं, "बस असती तर पाठवली असती. एवढ्या सुनसान रस्त्याने मुलीच्या जातीला एकटं सोडू? लोक काय म्हणतील?"

"आणि वन्सं? त्या काय मुलाच्या जातीच्या होत्या?"

"ताईची गोष्ट वेगळी."

मी चार आयांना घेऊन बस कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी आमचा अर्ज फाईलखाली सरकवला आणि म्हणाले, वर कळवतो. वर म्हणजे कुठे, असं मी विचारलं. ते पंख्याकडे बघायला लागले.

त्याच आठवड्यात त्या हौशी चालणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. त्यांना वन्संचा सत्कार करायचा होता. "तुमच्यासारखं कुणी चाललेलं नाही," म्हणाले. वन्सं नको नको म्हणत होत्या. मग प्रमुख पाहुणे बस कचेरीतले साहेब आहेत असं कळलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "येते."

शनिवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या सभागृहात आम्ही चौघं पहिल्या रांगेत बसलो. मंचावर दाराएवढा मोठा फोटो लावलेला. धुकं, झाडं, आणि मधून चाललेली एक पाठमोरी बाई, खांद्यावर पिशवी. वन्संच त्या. कुणी काढला, केव्हा काढला, त्यांना पत्ता नाही. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘निवांत’. मी वन्संकडे पाहिलं. त्या फोटोतल्या आपल्याच पाठीकडे टक लावून बघत होत्या.

अध्यक्ष बोलायला उठले. ही माउली रोज झाडांशी, पाखरांशी गप्पा मारत चालायची म्हणे. आपण गाड्यांत बसून केवढ्या आनंदाला मुकतो म्हणे. मग साहेब उठले. "ऊठसूट बसची मागणी करणाऱ्यांनी या आजींकडे बघावं," असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडे बघितलं. लोक हसले. मी ताडकन उठले, तर यांनी पदर धरून मला खाली बसवलं. माझी मुलगी मान खाली घालून नखं खात होती. तिची जागा तिच्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि तिच्या आत्याच्याच नावाने.

वन्संना मानचिन्ह दिलं, पांढऱ्या बुटांचं खोकं दिलं, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला. आभारच मानतील, दुसरं काय बोलणार, अशी सगळ्यांची समजूत.

"मी पाखरांशी बोलत नव्हते," वन्सं म्हणाल्या. आवाज आधी फाटला, मग लागला. "मी माझ्या भावाशी बोलत होते. घरातून निघाले की मोठ्याने सुरू करायचे. धाकट्या, पाय उचल की! काठी घेतलीस ना? किती रे मागे राहतोस! असं ओरडत ओरडत जायचे. अंधारात कुणी असलाच, तर बाईमागे पुरुष आहे असं त्याला वाटावं. घसा बसला तरी ओरडायचे. एकदा दोघं जण मोटरसायकल आडवी घालून उभे राहिले. मी मागे वळून हाक मारली, धाकट्या, पळत ये, हे बघ कोण आहेत! ते घाबरून निघून गेले. मग मी तिथेच गटाराच्या कडेला बसले. उठवेचना. धाकटा घरी झोपला होता."

आमचे हे समोरच्या फरशीकडे बघत राहिले.

"मला चालायची हौस नव्हती," वन्सं साहेबांकडे वळल्या. "तुम्ही बस बंद केलीत म्हणून चालले. प्रवासी नाहीत म्हणालात, मी काय गाठोडं होते? हे बूट परत घ्या. माझ्या भाचीला सोमवारी जायचंय. तिला बस द्या."

आणि त्या माणसांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! उभं राहून वाजवल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आजींच्या भावनांचा आम्ही आदर करतो. मग चहा आला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढं ऐकून जे टाळ्या वाजवतात, त्यांच्यापुढे कपाळ फोडून घ्यायचं की काय करायचं?

घरी आल्यावर मी यांना सोडलं नाही. तोंडाला येईल ते बोलले, आणि एकही शब्द मी आज परत घेणार नाही. हे भिंतीला टेकून बसले होते. शेवटी म्हणाले, "ताई, चार लोकांत मला असं लाजवायचं होतं का?"

तेव्हा वन्सं खऱ्या चिडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घरात आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "तुला लाजवायला नाही, बस मागायला बोलले मी! तुझं काय घेऊन बसलास? बस मिळाली का? नाही ना? मग मुलीचं काय करतोस ते सांग!"

हे उठून आत झोपायला गेले. रविवार तसाच गेला. मुलीने कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले आणि तिकडे बघायचंही टाळलं.

सोमवारी अंधारात खडबड ऐकू आली म्हणून मी दिवा लावला. हे चपला शोधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला उठव." मुलगी जागीच होती. दुकान बंद ठेवून दोघं निघाले. ती वर्गात होती तोवर हे दिवसभर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. मुलगी पळत आत आली, पहिल्या दिवसाचं काय काय सांगायला लागली.

हे पायरीवरच बसले. टाचांना फोड आले होते, एक फुटला होता. वन्संनी आतून पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. हे खालच्या मानेनेच म्हणाले, "ताई, हे तू रोज चालायचीस?"

"रोज कुठे?" वन्सं म्हणाल्या. "रविवारी सुट्टी असायची."