बोटाआधी सॉसेज

तन्मयने शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि उजव्या हाताची तर्जनी माझ्या नाकासमोर धरली.

"मॅडम, आज हे बोट ब्लेडला टेकणार. सगळ्यांसमोर. लाइव्ह!"

"नाही टेकणार," मी म्हटलं.

"अहो, पण मशीन आपलं आहे! आपलाच त्याच्यावर विश्वास नसेल तर ते लोक कसा ठेवतील?"

"विश्वास आहे माझा. पण बोट सॅम्पल म्हणून वापरायचं नाही. सॉसेज आणलंय मी, फ्रिजमध्ये आहे."

मी जन्मभर शाकाहारी. सॉसेज विकत घ्यायची वेळ माझ्यावर निवृत्तीनंतर आली. त्याआधी बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात मी सेफ्टी इंजिनिअर होते. माहेर बेळगाव, नोकरी आणि संसार इथला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. घरी बसून कंटाळले होते तेवढ्यात ओळखीतून तन्मयचा फोन आला. मुलगा पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. व्हाइटफील्डच्या मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड घेऊन तो एक टेबल सॉ बनवत होता. सेफ्टीसाठी कोणीतरी अनुभवी माणूस हवा होता. मी बघायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले.

टेबल सॉ म्हणजे लाकूड कापायचं मशीन. लोखंडी टेबलाच्या मधोमध एक फट, त्या फटीतून वर आलेलं गोल, दातेरी ब्लेड. ब्लेड जागेवर फिरतं आणि आपण हाताने फळी त्याच्यात ढकलत नेतो. प्रत्येक फर्निचरच्या कारखान्यात हे असतं, आणि बोटं गमावलेला एखादा माणूसही बहुतेक ठिकाणी भेटतो.

तन्मयचं मशीन वेगळं होतं. त्याच्या ब्लेडमध्ये सतत एक बारीकसा विद्युत सिग्नल फिरत असायचा. कोरड्या लाकडाने त्याला काही फरक पडत नाही. माणसाच्या अंगात मात्र पाणी असतं. बोट टेकलं की सिग्नल एकदम खाली पडतो, आणि त्याच क्षणी एक ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडच्या दातांत घुसतो. ब्लेड जागच्या जागी थांबून टेबलाखाली जातं. ठोकळा गेला, ब्लेडही गेलं, पण बोट राहिलं. आम्ही त्या ठोकळ्याला नुसतं ब्रेक म्हणायचो. एक ब्रेक एकदाच वापरता येतो.

त्या दिवशी दुपारनंतर देवनहळ्ळीजवळच्या एका फर्निचर कंपनीचे लोक डेमो बघायला येणार होते. कंपनी मोठी, युनिटं बरीच. त्यांना मशीन पसंत पडलं तर ते शेडमधून बाहेर पडणार होतं. नाही पडलं तर तन्मयला शेड रिकामी करून पुन्हा नोकरी शोधावी लागणार होती. सकाळपासून त्याचे पाय जमिनीवर टेकतच नव्हते.

कंपनीने त्यांच्याच लाकडाच्या काही फळ्या आदल्या दिवशी पाठवल्या होत्या. त्याच कापून दाखवायच्या होत्या. सकाळी आमचे ऑपरेटर नागराज अण्णा यांनी पहिली फळी मशीनवर घेतली, आणि धाड! सुतळी बॉम्बसारखा आवाज. ब्लेड गायब. कोणाचंही बोट जवळपास नव्हतं.

"अय्यो, नवं ब्लेड होतं, अक्का!" नागराज अण्णांनी डोक्याला हात लावला. ते मूळचे सुतार. चांगल्या ब्लेडचा असा अंत त्यांना बघवायचा नाही.

मी फळीला ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या. लाकूड ओलं होतं. ओलं लाकूड आणि माणूस यांत मशीनला फरक कळत नाही.

त्यावर तन्मयकडे तोड होती. ओल्या लाकडासाठी त्याने बायपास ठेवला होता. स्क्रीनवर एक बटण दाबलं की ब्रेक तात्पुरता बाजूला होतो आणि दिवा पिवळा लागतो. मशीन बंद करून चालू केलं की बायपास आपोआप निघतो आणि दिवा पुन्हा हिरवा होतो. तशी योजना होती. तन्मयने नवा ब्रेक बसवला, बायपास लावला, दोन फळ्या सुरेख कापून घेतल्या आणि मशीन बंद केलं. आमच्याकडे आता दोनच ब्रेक उरले होते. एक मशीनवर, एक कपाटात.

आणि चहा पिता पिता त्याला ती बोटाची कल्पना सुचली.

"लोकांना सॉसेज बघून काय वाटणार, मॅडम? बोट बघितलं की अंगावर काटा येईल!"

"तू बोट लावलंस तर मी आत्ता घरी जाते आणि त्या लोकांना फोन करून का गेले तेही सांगते."

त्याने बाही खाली केली. मला वाईट वाटलं, कारण त्याच्या उत्साहात खोट नव्हती. स्वतःच्या कामावर एवढा जीव टाकणारी माणसं मी नोकरीत फार कमी पाहिली.

"असं करू," मी म्हटलं. "पाहुण्यांच्या आधी एक रंगीत तालीम. सॉसेज घेऊन, पूर्ण पद्धतीने."

"म्हणजे एक ब्रेक फुकट जाणार. मग एकच उरेल!"

"डेमोला एकच लागतो."

तो कुरकुरत उठला.

पूर्ण पद्धत म्हणजे काय, तेही सांगते. माझी ओढणी आणि बांगड्या आधी टेबलावर. फिरत्या ब्लेडजवळ लोंबणारं काही नको. हातमोजेही नकोत. लोकांना वाटतं हातमोजा हात वाचवतो. इथे ब्लेड हातमोजा पकडतं आणि हातासकट आत ओढतं. डोळ्यांना गॉगल, कानांवर आवाज अडवणारे मफ. ब्लेडच्या मागे एक पातळ पोलादी पाती उभी असते, तिला रिव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेल्या फळीच्या दोन बाजू मिटून ब्लेडला चिमटू नयेत म्हणून ती असते. चिमटलं की ब्लेड अख्खी फळी उचलून ऑपरेटरच्या अंगावर फेकतं. त्याला किकबॅक म्हणतात. म्हणून ब्लेडच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं. आणि हात ब्लेडच्या जवळ जायची वेळ आली तर फळी हाताने नाही, पुश स्टिकने ढकलायची. ती म्हणजे खाच पाडलेली एक साधी लाकडी काठी. ती कापली गेली तर दुसरी करता येते.

मी कोरड्या फळीवर सॉसेज ठेवलं, टोक फळीच्या जरा पुढे. मशीनला ते शरीराचाच भाग वाटावं म्हणून त्याच्या मागच्या टोकापासून नागराज अण्णांच्या हातापर्यंत फळीवर तांब्याची पट्टी चिकटवली. हात ब्लेडपासून चांगला लांब. मशीन चालू केलं. दिवा हिरवा.

"रेडी, अक्का?"

"रेडी."

फळी पुढे सरकली. मी आवाजाची वाट बघत खांदे आखडून उभी होते.

आवाज आलाच नाही.

ब्लेड सॉसेजमधून लोण्यातून जावं तसं गेलं. लालसर तुकडे उडून नागराज अण्णांच्या गॉगलवर बसले. ब्लेड आपलं फिरतंय. दिवा हिरवागार.

नागराज अण्णांनी फळी हळूच मागे घेतली नाही, ते योग्यच केलं. चालू ब्लेडमधून फळी मागे ओढायची नसते. आधी स्विच बंद, मग ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं. त्यांनी तसंच केलं.

तन्मय फळीजवळ गेला. सॉसेजचे दोन तुकडे बघत राहिला. त्याने उजवा हात खिशात घातला.

"मॅडम..." एवढंच म्हणाला.

"आधी खाली बस," मी म्हटलं. "पाणी पी. मग शोधू."

पाणी प्यायला तो, पण बसला नाही. तो लॅपटॉपला चिकटला आणि मी मशीनला. ब्रेक ठीक. सिग्नल ठीक, मी स्वतः मोजला. तांब्याच्या पट्टीला हात लावला की सिग्नल पडतही होता. म्हणजे मशीनला बोट कळत होतं आणि तरी ते काही करत नव्हतं.

"याला कळतंय, पण कोणीतरी गप्प बस म्हणून सांगितलंय," मी म्हटलं.

तन्मय ताडकन उठला. "बायपास!"

"तो तर निघाला ना, बंद-चालू केल्यावर?"

"निघायला हवा! पण मी काल सॉफ्टवेअर अपडेट केलं. लास्ट सेटिंग लक्षात ठेवण्याचं फीचर टाकलं. ब्लेडची उंची वगैरे रोज सेट करायला नको म्हणून." तो धडाधड बटणं दाबत होता. मशीन बंद, चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. "हे बघा! हे बघा, मॅडम! दिवा हिरवा होतोय, पण बायपासही लक्षात ठेवलाय त्याने! सापडलं!"

अपघात होता होता राहिलेला माणूस आनंदाने उड्या मारताना मी पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगायचं तर मीही हसत होते. दोष सापडल्याचा आनंद फार मोठा असतो. कारखान्यात आम्ही अशा दिवशी कँटीनमध्ये गोड मागवायचो.

"दहा मिनिटांत दुरुस्त करतो," तो म्हणाला.

"नाही. नवं काही लिहायचं नाही. जुनं सॉफ्टवेअर परत टाक, ज्याच्यावर सगळ्या टेस्ट झाल्यात. आणि बायपास ज्या वायरने ब्रेक बाजूला करतो, ती वायर मी काढते."

"बायपासच काढायचा? मग त्यांच्या ओल्या फळ्या कशा कापणार? त्यासाठीच तर येतायत ते!"

"त्यांना सांगू, ओल्या आहेत. वाळवून आणा."

"गिऱ्हाइकाला असं सांगायचं?"

"मग काय सांगायचं? ब्रेक बंद ठेवून कापा, आणि बोटं सांभाळा?"

मग त्याने स्वतःच स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी मशीनचा प्लग भिंतीतून काढला, स्विचवर भरवसा ठेवला नाही, आणि वायर काढून टाकली.

एवढ्यात फोन आला. पाहुणे के. आर. पुरमच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. त्या ट्रॅफिकला मी आयुष्यात एकदाच मनापासून आशीर्वाद दिला, तो तेव्हा.

दुसरं सॉसेज. जुनं सॉफ्टवेअर. बायपास नाही. आम्ही तिघेही श्वास रोखून.

धाड!

ब्लेड खाली गेलं. मी फळीवर वाकले. सॉसेजवर नखाने ओरखडावं तेवढी एक रेघ. नागराज अण्णा मोठ्याने हसले आणि या वेळी ब्लेडबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तन्मयने मला मिठीच मारली.

शेवटचा ब्रेक बसवून होतोय तोवर गाडी दारात आली. त्यांचे सेफ्टी हेड शेट्टी म्हणून होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हमारा लकडी काटा क्या?"

तन्मयने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं काम त्याचं होतं.

"सर, आपकी लकडी गीली है," तो म्हणाला. मग त्याने सकाळचं फुटलेलं ब्लेड दाखवलं. बायपास लावून कापलेल्या फळ्या दाखवल्या. आणि शेवटी, जे मला अपेक्षित नव्हतं, सॉसेजचे ते दोन तुकडेही आणून टेबलावर ठेवले. काय झालं, का झालं, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

शेट्टींच्या बरोबरचा तरुण मॅनेजर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मतलब मशीन फेल हुआ?"

"हां. सुबह फेल हुआ," तन्मय म्हणाला. "अब देखिए."

डेमो झाला. सॉसेज पुढे गेलं. धाड! मॅनेजर दोन पावलं मागे उडाला. शेट्टी मात्र पुढे झाले. प्लग काढलेला आहे याची खात्री करून घेतली, मग वाकून ब्लेडमध्ये रुतलेला ठोकळा पाहिला. सॉसेज उचलून उजेडात धरलं.

"अब्बा!" ते म्हणाले.

मग मला विचारलं, "मॅडम, ये बायपास वापस आएगा क्या?"

"जब तक मैं हूँ, नहीं आएगा."

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं ते म्हणाले. "एक मशीन पाठवा. ट्रायल. लाकूड आम्ही वाळवून घेऊ." हे त्यांनी चक्क मराठीत म्हटलं. बायको कोल्हापूरची, असं नंतर कळलं.

मशीन देवनहळ्ळीच्या युनिटला गेलं. काही महिन्यांनी शेट्टींचा फोन आला. तन्मयने स्पीकर लावला.

"आवाज झाला आज," शेट्टी म्हणाले. "सगळे धावले. ऑपरेटरचा अंगठा गेला होता ब्लेडवर. बँडएड लावलं. चहा पिऊन परत कामावर उभा आहे."

तन्मय फोन तसाच चालू ठेवून शेडभर पळत सुटला. नागराज अण्णांनी मशीन बंद केलं आणि टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन डोळे पुसले. इतकी वर्षं नोकरी केली, पण वाचलेलं बोट कधी मोजायला मिळालं नव्हतं. सेफ्टीच्या कामात फक्त गेलेल्या बोटांचा हिशोब असतो.

आता आमचं मशीन असलेली युनिटं वाढलीत आणि शेड मोठी झालीय. नवीन इंजिनिअर येतात, आणि आपल्या मशीनवर आपला किती विश्वास आहे ते मला सांगतात. मी त्यांना एवढंच सांगते, की मशीनची परीक्षा घ्यायची तर ते नापास झालं तरी चालेल अशा ठिकाणी घ्या.