काळ्या मातीचं कव्हर

अकोल्यात जठारपेठेत महेजबीनचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवर चिकटवलेले लग्नपत्रिकांचे नमुने. दुकान उघडताना घरमालकाने सुचवलं होतं, पाटीवर बाईचं नाव कशाला, नुसतं 'एम. ग्राफिक्स' लिहा, गिऱ्हाइकाला बरं पडतं. तिने पाटी ठरल्यापेक्षा फूटभर लांब करून आणली. 'महेजबीन ग्राफिक्स' हे पूर्ण नाव मोठ्या अक्षरात मावलं पाहिजे म्हणून.

ती मूळची अकोटची. वडील कुर्बानभाई तिथल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करायचे. शाळेत अख्ख्या वर्गाच्या जीवशास्त्राच्या जर्नलमधल्या आकृत्या हीच काढून द्यायची. नववीत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा जसा दिसला तसाच काढला. पेशींच्या रांगा काढल्या आणि काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडाही काढला. बाई म्हणाल्या, पुस्तकातल्या आकृतीत बुडबुडा नाही, खोडून टाक. ही म्हणाली, "पण बाई, इथं तर आहे ना." खोडला नाही. दोन मार्क गेले. आजही ही गोष्ट सांगताना ती "गेले तर गेले" म्हणते आणि पुढच्या कामाला लागते.

पुढे अमरावतीला राहून तिने चित्रकलेची पदविका घेतली. नोकरी मिळाली नाही, म्हणून दुकान टाकलं. लग्नपत्रिका, दुकानांचे बॅनर, वाढदिवसाचे फलक, शिकवणीवाल्यांच्या गाईडमधल्या आकृत्या, जे येईल ते काम ती करत होती. ती चौतीस वर्षांची असताना सूर्यभान तायडे तिच्या दुकानात आले.

तायडेकाका माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. शास्त्रज्ञ नव्हेत. नमुने वाळवायचे, चाळायचे, नळ्या धुवायच्या, आकडे लिहायचे, हे त्यांचं काम. पण हात चालत असताना डोकंही चालत होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन शंभरपानी वह्या भरून एक पुस्तक लिहिलं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात का फाटते, पावसाळ्यात का फुगते, घरांच्या भिंतींना तडे का जातात, विजेचे खांब का कलतात, हे सगळं त्यात होतं. नाव ठेवलं होतं 'माती काहून उलते?', म्हणजे माती का फाटते. त्यातलं एक प्रकरण एका मासिकात छापून आलं आणि ते वाचून पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेने पुस्तक छापायला मागितलं.

"आकृत्या तुमीच कोणाकून काढून घ्या म्हणते ते," काका म्हणाले. "मले लोकायनं तुहं नाव सांगतलं. जमन का?"

"आधी वाचाले द्या, काका. वाचल्याबिगर मी काढत नाही."

तिने तिन्ही वह्या घरी नेल्या. चार दिवस वाचत होती. काळी माती म्हणजे एकावर एक रचलेले बारीक पापुद्रे, पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर सारतं, म्हणून माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आकसते आणि उलते. मग वरचा पालापाचोळा, सुटी माती त्या भेगांमधे पडते, पाऊस आला की भेग मिटते आणि वरचं सगळं आत राहतं. म्हणजे ही जमीन हळूहळू स्वतःच स्वतःला खालीवर करत असते. हे वाचून महेजबीन वही मिटून बसली. लहानपणापासून ज्या जमिनीच्या भेगांत चप्पल अडकून ती पडत आली होती, ती जमीन असलं काही करत असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांत तिने एकेचाळीस आकृत्या काढल्या. काकांना दाखवायची, ते चूक सांगायचे, ती पुन्हा काढायची. मग वह्या आणि आकृत्या पुण्याला गेल्या.

मे महिन्यात पुण्याहून कव्हर आलं. काका मोबाईल घेऊन दुकानात आले आणि तो तिच्यापुढे धरला. तांबडं आभाळ. खाली फुटलेली जमीन. त्यावर उकिडवा बसलेला, कपाळाला हात लावलेला पागोटेवाला म्हातारा. आणि वर नाव, 'भेगाळलेली धरती'.

"हे कोण्या पुस्तकाचं आहे?" तिने विचारलं.

"आपलंच हाय."

तिने फोटो बोटांनी मोठा केला. "काका, ही काळी माती नाही. हा सुकलेल्या तळ्यातला गाळ आहे. पापड्या कडेनं वर वळल्या, पहा. आपल्या वावरात असं कुठं होते?"

"मले दिसलं थे," काका म्हणाले. "पण जाऊ दे. छापून राहिले हेच लय झालं. माह्यासारख्याचं कोण छापते?"

"कोण छापते म्हणजे? एकतीस वर्षं नळ्या कोणी धुतल्या?"

महेजबीनने त्यांच्याच मोबाईलवरून पुण्याला फोन लावला. संपादकाचं नाव अनुप. बोलायला सभ्य माणूस होता. त्याने शांतपणे समजावलं की विज्ञानाचं पुस्तक दुकानात उचललं जायचं असेल तर त्याला माणसाचा चेहरा लागतो. विदर्भ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर एक चित्र असतं, ते दिलं की तो थांबतो. आणि 'काहून' हा शब्द तर कोणाला कळणारच नाही.

"तुमच्या चित्रकारानं पुस्तक वाचलं का, सर?" महेजबीनने विचारलं.

"कव्हरसाठी सगळं वाचायची गरज नसते, मॅडम. आम्ही सारांश देतो."

"सारांशात म्हातारा होता का?"

मग अनुप म्हणाला, "तुम्ही दुसरं सुचवा. पंधरा दिवस देतो. बघतो मी."

त्या संध्याकाळी आई हाजराबी तिला म्हणाली, "लोगों की किताब है, तू काहे को झगडती?" महेजबीनने आईच्या शिवणाच्या डब्यातला मोजायचा टेप उचलला आणि पिशवीत टाकला. आईला तो आठ दिवस मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आणि काका अकोटकडे निघाले. काकांच्या ओळखीचे नत्थुजी यांचं वावर रस्त्याला लागूनच होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, केव्हाच उपटून झाली होती आणि जमीन उलून पडली होती. नत्थुजी सत्तरीचे, काटक, पांढऱ्या टोपीचे. पोरगी कॅमेरा काढतेय हे पाहिल्याबरोबर त्यांनी हात वर केला.

"फोटू काढा वावराचे. पण मले कपाळाले हात लावाले सांगसान, तर आत्ताच सांगतो, लावत नाही मी."

"कोणी सांगतलं होतं का तसं?" महेजबीनने विचारलं.

"मांगं एक जण आला होता. म्हणे, बाबा, जरा खाली बसा, चेहरा उतरवा. त्या साली माही तूर छातीइतकी वाढली होती! मी म्हटलं, बापू, तुलेच उतरवाचा असन तर तुहा उतरव."

महेजबीन हसली नाही. तिने वहीच्या कोपऱ्यात ते वाक्य लिहून घेतलं. मग वावरातली सगळ्यांत रुंद भेग शोधून तिच्यात टेप सोडला. टोकाला नत्थुजींनी एक जड नट बांधून दिला होता. टेप जात राहिला. ब्याण्णव सेंटिमीटरवर अडला. काकांनी वाकून आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. प्रयोगशाळेत त्यांच्याकडे माती पिशव्यांमधून यायची. भेगेत टेप त्यांनी स्वतः कधी सोडला नव्हता.

नत्थुजींनी भेगेच्या बाजूने कुदळीने खड्डा खणून दिला, म्हणजे तिला जमिनीची उभी बाजू दिसावी. आतली ढेकळं ओलसर होती आणि काही ढेकळांच्या बाजू घासल्यासारख्या चकचकीत झाल्या होत्या. "फुगताना एकमेकाले घासते थे," काका म्हणाले. "लिहिलं हाय ना मी, सातव्या प्रकरणात." महेजबीन त्या खड्ड्यात उतरून उन्हं डोक्यावर येईपर्यंत चित्र काढत बसली. परत येताना तिने एक मोठं ढेकूळ कागदात गुंडाळून आणलं.

तिने केलेलं कव्हर असं होतं. वर बोटभर जागेत उपटून ठेवलेल्या पऱ्हाटीची एक ओळ. बाकी सगळं काळं. त्या काळ्यातून एक भेग खाली खाली अरुंद होत जाते आणि पुस्तकाच्या कण्यावरून वळून मागच्या कव्हरवर उतरते. भेगेत शिंप्याचा पिवळा टेप लोंबतोय, त्यावरचे आकडे वाचता येतात. माणूस नाही. नाव वरच्या पट्टीत, काकांच्या शब्दांत, प्रश्नचिन्हासकट.

जूनच्या सुरुवातीला अमरावतीत पुस्तकांचं प्रदर्शन होतं आणि अनुप तिथे येणार होता. महेजबीन आणि काका त्याला भेटायला गेले. त्याने कव्हर टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिलं. "चित्र चांगलंय," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. "पण काळं कव्हर स्टॉलवर उठत नाही. आणि आमच्या विक्रीच्या लोकांना ते आधीचंच आवडलंय. एक करू या. आत आकृत्या तुमच्या आहेतच. हे चित्रही आत घेऊ, रंगीत. कव्हरवर शेतकरी राहू द्या. नाव तुमचंच ठेवू, 'काहून' तेवढं 'का' करू."

महेजबीन बोलणारच होती. पण काका आधी बोलले. आवाज मोठा नव्हता.

"साहेब, त्या म्हाताऱ्यानं माह्या पुस्तकात काय केलं?"

"म्हणजे?"

"एकशेऐंशी पानं हायेत. एकाही पानावर कोणी रडून नाही राहिलं. मी माती कशी चालते थे लिहिलं. तुमी कव्हरवर रडणारा बसवला, तर लोकं आत रडणं शोधतीन. नाही सापडलं तर म्हणतीन, तायडेनं फसवलं." ते थांबले, मग म्हणाले, "माह्या वह्या परत द्या."

अनुप गडबडला. करारावर अजून सही व्हायची होती, त्यामुळे त्याला अडवता येईना. त्याने दोनदा विचार करायला सांगितलं. काकांनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

"चूक झाली का व बाई?" त्यांनी विचारलं.

"मले नाही वाटत," महेजबीन म्हणाली. "पण आता आपल्यालेच छापा लागन."

अमरावतीच्याच एका छापखान्यात पाचशे प्रती छापायचं ठरलं. खर्च काकांनी केला, मांडणी महेजबीनने. कव्हरच्या छपाईच्या दिवशी ती सकाळपासून मशीनजवळ उभी होती. पहिला कागद बाहेर आला, तो करडा दिसत होता.

"मॅडम, काळा म्हणजे काळा," मशीनवाला म्हणाला. "याच्यावर आणखी काळा नसतो."

तिने पिशवीतून ढेकूळ काढलं आणि ओल्या कागदाच्या शेजारी ठेवलं. "याच्यासारखा पाहिजे. यात थोडा तपकिरी आहे, तो आणा. आणि काळा गडद दिसाले खाली आधी थोडा निळा द्या."

"मातीचा रंग जुळवाले सांगते का कोणी?"

"मी सांगून राहिली ना."

सतरा कागद वाया गेले. अठरावा तिने खिडकीशी नेऊन पाहिला आणि 'हाच' म्हणून परत दिला. मशीनवाल्याने तोंड वाकडं करत उरलेले छापले. पण त्यातला एक कागद त्याने आपल्या खोलीत लावला, हे तिला नंतर कळलं.

पुस्तक पुण्याच्या दुकानांमधे पोचलं नाही. बियाण्यांच्या दुकानांत, तालुक्याच्या शाळांत, बांधकाम करणाऱ्यांच्या कचेऱ्यांत ते हळूहळू गेलं. काही लोकांनी कव्हर पाहून विचारलं, हे शिवणकामाचं पुस्तक आहे का. महेजबीनने ते मनाला लावून घेतलं नाही असं नाही. पहिल्यांदा कोणी विचारलं त्या रात्री ती जेवली नाही. पण कव्हर बदललंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिवस्याहून प्राजक्ता नावाच्या शिक्षिकेचं पत्र आलं. तिने मुलांना घेऊन शेजारच्या वावरात टेप सोडला होता. 'तुमच्या कव्हरवरची भेग ब्याण्णव आहे, आमची एकशे चार भरली. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करावी,' असं तिने लिहिलं होतं. खाली अडतीस मुलांच्या सह्या होत्या. काका ते पत्र खिशात घालून महिनाभर फिरले, भेटेल त्याला दाखवलं. महेजबीनने मुलांना उत्तर पाठवलं: आमची भेग ब्याण्णवच होती, मी स्वतः मोजली, म्हणून ब्याण्णवच राहील. तुमची वेगळी काढा, मी छापते.

मुलांनी काढून पाठवली. ती आता दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर आहे.

गेल्या महिन्यात अनुपचा फोन आला. वटवाघळांवर एक पुस्तक येतंय, कव्हर कराल का, असं तो विचारत होता. जुनं काही त्याने काढलं नाही, तिनेही काढलं नाही.

"करीन," ती म्हणाली. "पण सारांश नको. पूर्ण पुस्तक पाठवा. आणि माझं नाव आतल्या पानावर बारीक नाही चालणार, मागच्या कव्हरवर पाहिजे."

"नाव कसं लिहायचं? महेजबीन के.?"

"महेजबीन कुर्बान. पूर्ण."

हस्तलिखित आलं आहे. दोनशे साठ पानं आहेत. सध्या ती पंचाऐंशीव्या पानावर आहे आणि चित्राची एकही रेघ अजून मारलेली नाही.