दानिएल मास्तरांचा हेवा

काही माणसांचे किस्से आपोआप साठत जातात. मधल्या सुट्टीत चहा आला की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी दानिएलचं नाव काढायचंच, आणि मग चहा थंड व्हायचा. सत्तरच्या दशकात जालन्याच्या एका मिशन शाळेत आम्ही दोघं शिक्षक, चर्चही एकच. दानिएल परतूरचा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लोक त्याचे किस्से हसत हसत सांगायचे. मी हसायचो नाही. खरं सांगतो, मी त्याच्यावर जळायचो.

* * *

दानिएलला सासऱ्यांनी नवी कोरी सायकल दिली, डायनॅमोची. माझ्या सायकलची चेन रोज उतरायची, त्यामुळे आठवडाभर माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. शेवटी ठरवलं, लाज सोडून शनिवारी मागूनच बघू.

शनिवारी दानिएल पायी आला! आमचे कांबळे गुरुजी बदनापूरहून रेल्वेनं यायचे आणि या वयात स्टेशनापासून शाळेपर्यंत चालायचे. सायकल त्यांच्याकडे गेली होती.

"उसनी की कायमची?" मी विचारलं.

"देऊन टाकली, भाऊ. प्रभू तर सगळीकडं पायीच फिरला."

"मग शहरात शिरताना गाढवावर कोण बसलं होतं?"

"ते बी मागून आणलेलं व्हतं," दानिएल म्हणाला.

* * *

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकर घशाखाली उतरायची नाही. मी वाटूरपर्यंत खेटे घालून थोडे गहू मिळवले होते, आणि आम्ही दार लावून पोळ्या खायचो.

एकदा दानिएलनं जेवायला बोलावलं. लाल भाकर आणि मिरचीचा ठेचा. पण त्याआधी त्यानं देवाचे इतक्या मनापासून आभार मानले, की माझी बायको डोळे पुसायला लागली. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. घरी आल्यावर म्हणाली, "आपल्या पोळ्यांना चवच न्हाई हो."

मला त्या लाल भाकरीचाही हेवा वाटला.

* * *

दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असायची. एकदा मी डोळे मिटून मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, आमच्या दानिएल बंधूला गर्वापासून राख." टोमणाच होता तो. सगळ्यांत मोठं 'आमेन' दानिएलचं!

सभा संपल्यावर तो माझ्यापाशी आला. "बिलकुल बराबर ओळखलं, भाऊ. मला याचीच गरज व्हती. दर शुक्रवारी कराल का?"

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. वर्षभर मला त्याच्यासाठी प्रार्थना करावी लागली, आणि दर शुक्रवारी तो आधीपेक्षा जास्तच नम्र दिसायचा.

* * *

हेडमास्तर रिटायर झाले. मला ती खुर्ची हवी होती. इतकी, की एका सुट्टीच्या दिवशी शाळेत जाऊन मी तिच्यावर बसून आलो होतो. कमिटीनं बोलावलं दानिएलला. तो म्हणाला, "मला पहिलीचा वर्गच राहू द्या. याकोबभाऊ बराबर सांभाळतील."

खुर्ची मला मिळाली. लोकांनी हार घातले. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

"आता काय झालं? मिळाली ना?" बायको म्हणाली.

"मिळाली. त्यानं नको म्हटलेली मिळाली."

* * *

प्रभूभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीची भाकर सगळ्यांना वाटायचे. तिचं ताट फिरण्याआधी पाळकसाहेब सांगायचे, "आपल्या भावाविषयी कुणाच्या मनात काही असेल, तर आधी समेट करा. मगच भाकर घ्या." मग मिनिटभर शांतता. ते मिनिट मला फार जड जायचं. दर वेळी वाटायचं, उठावं आणि दानिएलला सांगून टाकावं. दर वेळी मी मान खाली घालून भाकर घ्यायचो, आणि नंतर आठवडाभर भीती वाटायची, की आपण देवाच्या मेजावर खोटं बसलो.

त्या रविवारी मात्र पक्कं ठरवून गेलो होतो. शांतता पडली. मी उठायला बाकावर हात टेकला, तेवढ्यात पलीकडून दानिएलच उठला. सरळ माझ्यापाशी आला आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

"भाऊ, मला माफ करा. लई वर्षं मी तुमच्यावर जळून राह्यलो."

"माझ्यावर? कशाबद्दल?"

"तुम्ही रागावता, रुसता, पण खोटं हसत न्हाई. मला सगळे चांगला म्हणतात, म्हणून मंग मला चांगलंच राहावं लागतं."

आता मला एवढंच म्हणायचं होतं, 'मीही.' पण इथंही हा माझ्या आधी नंबर लावून गेला, याचाच राग आला. मी म्हणालो, "जाऊ दे, माफ केलं."

सगळी मंडळी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. दानिएल माझ्याच शेजारी बसला. ताट माझ्यापुढं आलं. हात काही उचलेना. भाकर न घेता मी ताट तसंच दानिएलच्या हातात दिलं.

मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ, केवढा नम्र माणूस. सोता घ्यायच्या आधी भावाला दिलं."

दानिएलनं ताट धरून माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आता परत जळायला लागलो मी."